कुलूपघराच्या उंबऱ्यावरची वाटी

आत ताई झोपली होती, म्हणून मी भांडण आवाज न करता, टाइप करून करत होते.

मुदखेडला एप्रिलच्या दुपारी पंखा फक्त गरम हवा खाली ढकलतो. रेल्वे क्वार्टरच्या पुढच्या खोलीत फरशीवर ओला टॉवेल, टॉवेलवर मी पालथी, समोर ताईचा लॅपटॉप. क्वार्टरांच्या लाइनीत जयंतीच्या निळ्या पताका अजून तशाच होत्या. यार्डात एक मालगाडी तासाभरापासून नुसती उभी होती. आणि पडद्यावर पुण्याचा एक माणूस, ज्याने स्वतःचं नाव 'किल्लेदार०७' असं ठेवलंय, मला तिसऱ्यांदा समजावत होता की मला काही कळत नाही.

भांडण वाटीवरून होतं.

माहीत नसेल तर सांगते. 'एल्डरमूर' ही पाच गेमची मालिका आहे. लांबच्या कुठल्यातरी थंड देशातली सहा-सात माणसं ती बनवतात. एक मुका प्रवासी, धुक्याचा माळ, ओस पडलेली गावं. वाटेत तीन वस्तू मिळतात, पाचही भागांत त्याच. पीस उचललं की उडी उंच जाते. मेणबत्ती उचलली की अंधारात दिसतं. वाटी उचलली की एक जीव वाढतो. पीस आणि मेणबत्ती कुठेही सापडतात, पेटीत, झाडावर, विहिरीत. वाटी मात्र प्रत्येक भागात एकाच जागी असते, एका बंद घराच्या उंबऱ्यावर. ते दार आजवर कुणासाठीच उघडलेलं नाही. आम्ही त्याला कुलूपघर म्हणतो, जरी त्याला कुलूप नाही. वाटीतलं प्यायचं, वाटी पिशवीत जाते, वरच्या कोपऱ्यातला आकडा एकने वाढतो. थोडं फिरून परत या, उंबऱ्यावर नवी वाटी.

आता ही वाटी कुणाची, यावर जगभर थिअऱ्या आहेत. काहींच्या मते ते मेलेल्यांसाठी ठेवलेलं अन्न आहे. काहींच्या मते घरात मागच्या भागातला प्रवासी म्हातारा होऊन बसलाय. आमच्या मराठी ग्रुपवर किल्लेदारची थिअरी सगळ्यांत वर आहे. तो म्हणतो की बनवणाऱ्यांनी आळस केला आणि एकच चित्र पाच वेळा चिकटवलं. ही थिअरी आहे? आणि हिला दोनशे लाइक!

माझी थिअरी साधी होती. वाटी शेजारणीची आहे, आणि प्रवासी ती परत करत नाहीये.

आमच्या लाइनीत कुणालाही विचारा. शेजारून वाटीभर कालवण आलं, तर ती वाटी घासूनपुसून परत जाते आणि जाताना रिकामी जात नाही. साखर, मूठभर शेंगदाणे, काहीच नसेल तर गुळाचा खडा. रिकामी वाटी परत करणं म्हणजे सरळ तोंडावर सांगणं की तुमचा आमचा संबंध संपला. आणि हा प्रवासी पाच भागांपासून दुसऱ्याच्या दारात खातोय आणि वाट्या पिशवीत कोंबतोय. माझ्या आईने त्याला झाडूने हाकललं असतं.

किल्लेदारने उत्तर दिलं, "हा गेम आहे, महिला मंडळ नाही."

मी लॅपटॉप आपटून बंद करणार होते. पण आत ताई झोपली होती.

ताई म्हणजे लुंबिनी, माझ्याहून चार वर्षांनी मोठी. हा गेम तिनेच मला शिकवला, लॉकडाउनमध्ये, पहिला भाग, आळीपाळीने. मागच्या वर्षी डॉक्टरकीच्या नीट परीक्षेत तिचे मार्क थोडक्यात गेले, म्हणून ती लातूरला परत एक वर्ष क्लासला राहिली. हॉस्टेलवर लॅपटॉप चालत नाही, म्हणून तो माझ्याकडे आला. फेब्रुवारीत पाचवा भाग निघाला आणि मी त्यात बुडाले. त्याच महिन्यात ताई आजारी पडली.

आजारी म्हणजे काय, ते कुणालाच सांगता येत नव्हतं. ताप नाही, खोकला नाही. रक्त तपासलं, सगळं चांगलं. फक्त ती संपत चालली होती. मार्चअखेर आई आणि मी लातूरला तिला आणायला गेलो. क्लासच्या गल्लीत दोन्ही बाजूंना मागच्या वर्षी नंबर लागलेल्या पोरापोरींचे बोर्ड, तिच्या इमारतीच्या जिन्यात उसळीचा वास. ताई तिसऱ्या मजल्यावरून आम्हाला घ्यायला खाली आली आणि परत वर जाताना प्रत्येक वळणावर भिंतीला टेकून थांबली. मी तिची पेटी उचलली, आईने पुस्तकं.

"वाटी कुठं गेली गं तुझी?" आईने भांडी भरताना विचारलं. "मामाची?"

"हरवली. लई दिवस झाले," ताई म्हणाली. "आई, मला बसू दे जरा."

आई बसभर त्या वाटीवरून बोलत होती. लोहा गाव येईपर्यंत. पोरगी मान टाकून झोपलीय आणि हिला वाटी! मी खिडकीतून बाहेर बघत दात खात होते.

परीक्षा मेच्या पहिल्या रविवारी होती. घरी आल्यापासून ताई उठायची, पुस्तक उघडायची, अर्ध्या पानावर डोकं टेकायची. दोन घास खायची. जयंतीच्या मिरवणुकीत दरवर्षी सगळ्यांत पुढे नाचणारी माझी ताई या वर्षी दारात खुर्चीवर बसली आणि दुसऱ्या गाण्याला खुर्चीतच झोपली. पप्पा रेल्वेत पॉइंट्समन आहेत, गाड्यांचे रूळ बदलणारे. ड्यूटीवरून आले की बूट काढायच्या आधी आत डोकावायचे आणि मला हळूच विचारायचे, "उठली होती का?" मी म्हणायचे, "हाव, उठली होती ना." रोज.

म्हणून मी गेममध्ये होते. तिथे तरी माझं बरं चाललं होतं. माझ्याकडे एकसष्ट जीव झाले होते. ग्रुपवर एवढे कुणाकडेच नव्हते.

पाचव्या भागात एक नवी सोय आहे. पिशवीतली वस्तू हातात घेऊन फिरवून बघता येते. त्या दुपारी, किल्लेदारला पुरावा द्यायचा म्हणून, मी वाटी फिरवली. बाहेरून बघितली, आतून बघितली. मग पालथी केली.

तळाला ठिपके होते.

बारीक, ओळीने, वाकडेतिकडे. ठिपक्यांची अक्षरं. दूरच्या देशातल्या कुणाला ती जादूची लिपी वाटली असती. मला नाही वाटली. भांड्यांच्या दुकानात पेनासारखी मशीन असते ना, करकर आवाज करत स्टीलवर नाव घालणारी, तिचे ठिपके असेच असतात. आमच्या घरातल्या प्रत्येक ताटावर आहेत.

मी ओरडलेच असते. स्क्रीनशॉट काढला, ग्रुपवर टाकला. "घ्या. भांड्यावर नाव आहे. शेजारणीची वाटी आहे. आता बोला."

दहा मिनिटांत अकरा जणांनी आपापली वाटी पालथी करून फोटो टाकले. सगळ्यांच्या गुळगुळीत. एकावरही ठिपका नाही.

किल्लेदारने लिहिलं, "छान एडिट केलंय, ताई. दहावीत चित्रकला घे."

एडिट! मला साधा फोटो कापता येत नाही! मी त्याला एक लांब उत्तर लिहिलं, पुसलं, आणखी लांब लिहिलं. मग म्हटलं, पुरावा अजून मोठा करते. कुलूपघराकडे गेले आणि नवी वाटी उचलली. बासष्ट. पालथी केली. ठिपके आधीपेक्षा स्पष्ट. फेरी मारली, अजून एक. त्रेसष्ट. आता शेवटचे शब्द वाचता येत होते.

"…हिस मामाकडून."

खाली तारीख. १९-११-२००६.

मी तसाच लॅपटॉप उचलून स्वयंपाकघरात नेला. आई अंगणवाडीतून मघाशीच आली होती, पदराने मान पुसत होती. तिने चष्मा न लावता एक नजर टाकली.

"ही तर लुंबीची वाटी हाय," ती म्हणाली. "नाव ठेवलं तव्हा तुझ्या मामानं आणलेली. कुठं सापडली?"

"आई, हे गेममध्ये आहे."

"गेममध्ये कामून गेली? मी म्हणत नव्हते, कुणीतरी उचलली म्हणून? ज्यानं घेतली त्याला म्हणाव परत कर."

"आई! हा कॉम्प्युटर आहे. यात भांडी जात नाहीत."

"मग ही काय हाय?" आईने पडद्यावर बोट ठेवलं. आणि भाजी चिरायला बसली. मला तिचा असा राग आला की सांगता येत नाही.

मी मुद्देसूद मुलगी आहे. विज्ञान प्रदर्शनात जिल्ह्यापर्यंत गेलेली आहे. म्हणून मी मुद्देसूद वागले. गेम प्रत्येक वाटीची नोंद ठेवतो, तारीख आणि वेळ. आणि लातूरच्या डॉक्टरांनी ताईला सांगितलं होतं, चक्कर आली की वेळ लिहून ठेव. ती बायोलॉजीच्या वहीच्या मागच्या पानावर लिहायची. घरी आल्यापासून आई लिहायची, शाईच्या पेनाने, मोठ्या अक्षरात. मी वही आणली. लॅपटॉपशेजारी ठेवली.

१७ मार्च, सकाळी ११.४०. दोन्हीकडे.

२ एप्रिल, दुपारी ४.१५. दोन्हीकडे.

शेवटच्या दोन ओळी त्या दुपारच्याच होत्या, त्यांची शाई अजून ओली दिसत होती. मी किल्लेदारला खोटं पाडत असताना आत ताईला दोनदा चक्कर आली होती आणि आईने उठून ते लिहिलं होतं.

मी सगळ्या त्रेसष्ट ओळी तपासल्या. एकही चुकली असती तर मी योगायोग म्हटलं असतं. मला तेवढंच पाहिजे होतं, एक चुकलेली ओळ.

दुसऱ्या दिवशी मी गेम उघडला नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. ताईला चक्कर आली नाही, पण ती सुधारलीही नाही. जिथे होती तिथेच थांबली, अंथरुणाच्या मधोमध, हात उशीखाली. परीक्षेला पंधरा दिवस राहिले होते.

तिसऱ्या दिवशी आई अंगणवाडीत, पप्पा ड्यूटीवर. दुपारचे बारा. मी लॅपटॉप उघडला. प्रवाशाला कुलूपघरासमोर उभं केलं. पिशवीतून एक वाटी काढली आणि उंबऱ्यावर ठेवली.

तीन दिवस मी ज्याचा विचार करत होते ते केलं होतं. परत केली होती.

दार हललं नाही. उंबऱ्यावरची वाटी आपोआप पालथी झाली.

आतल्या खोलीत तांब्या पडला.

ताई फरशीवर होती, पाण्यात, ओठ पांढरे. मी तिला उचलायला जोर लावला आणि तो जोर जास्त झाला. ती तेवढी जड नव्हतीच. माझी एकोणीस वर्षांची ताई शाळेच्या दप्तराइतकी लागली. तिला पलंगावर टेकवलं. तिने डोळे उघडले.

"तू काय करून राहिलीस बाहेर?" ती म्हणाली. आवाज असा, जणू दुसऱ्या खोलीतून.

"काही नाही."

"माया, करू नको ना."

मी पुढच्या खोलीत येऊन उभी राहिले आणि स्वतःला मोठ्याने मूर्ख म्हटलं. माझीच थिअरी. महिनाभर मी तीनशे लोकांना ओरडून सांगत होते, आणि वेळ आली तेव्हा मी वाटी रिकामी ठेवली.

पिशवीत पाव होते, मध होता, माळावरची लाल फळं होती. कुणी त्यांच्याकडे बघतही नाही, कारण त्यांनी जीव वाढत नाही. मी ती पालथी वाटी उचलली. आकडा वाढला नाही, म्हणून श्वास सोडला. वाटीत फळं घातली. उंबऱ्यावर ठेवली. दोन पावलं मागे सरले.

दार एक बोटभर उघडलं.

पाच भागांत, इतक्या वर्षांत, ते कुणासाठी उघडलं नव्हतं. फटीत काळोख होता, पण गेममधला काळोख निळसर असतो, हा तसा नव्हता. हात दिसला नाही. वाटी आत गेली. भांडं फरशीवरून ओढल्याचा आवाज आला, आमच्या स्वयंपाकघरात येतो तसा. दार लागलं. आकडा बासष्ट झाला.

मी दुसरी भरली.

चाळीसपर्यंत पाव आणि मध पुरला. मग फळं वेचायला माळावर जायला लागलं, वाटीमागे एक फेरी. लॅपटॉपखालची फरशी तापली. हाताला घाम आला की फ्रॉकला पुसायचा, परत धरायचा. वीज गेली, बॅटरीवर चालू ठेवलं. तीस. बावीस. प्रत्येक वेळी दार तेवढंच उघडायचं, बोटभर, एका रेषेनेही जास्त नाही. पंधरा. यार्डातली मालगाडी निघून गेली. नऊ.

आकडा तीनवर आला तेव्हा मला आतून कूस बदलल्याचा आवाज आला.

दोनवर आला तेव्हा पलंग वाजला.

शेवटच्या वाटीत मी फळं काठोकाठ भरली. दार उघडलं, वाटी गेली, दार लागलं. आकडा शून्य. प्रवासी उंबऱ्यावर बसला. तो बसू शकतो हे मला माहीत नव्हतं.

"माया," मागून ताई म्हणाली. ती दारात उभी होती, भिंतीला न टेकता. "भूक लागलीय गं. काय हाय?"

मी सकाळच्या दोन भाकरी वाढल्या. तिने आणखी मागून चार खाल्ल्या.

रात्री पप्पांनी आत डोकावलं तेव्हा ताई दिव्याखाली बसून गणितं सोडवत होती. ते बूट न काढता तसेच उभे राहिले, मग बाहेर येऊन उगाच नळ उघडून तोंड धूत बसले. मी गेम पुसून टाकला. ग्रुप सोडला. किल्लेदारला एक शब्द सांगितला नाही. मला ओळखणाऱ्यांना कळेल ते केवढं अवघड होतं.

पाचव्या दिवशी सकाळी मी उशिरा उठले. स्वयंपाकघरात सगळे हसत होते.

"ये, ये. तुझी पातेल्यात ठेवलीय," आई म्हणाली. "शेवयाची खीर. दारात वाटीत होती, झाकून. अजून गरम हाय."

"कुणी दिली?"

"लाइनीतलंच कुणी असंल. दार वाजवलं न्हाई, काय न्हाई. लई झ्याक झालीय."

पप्पा जमिनीवर मांडी घालून बसले होते. त्यांच्या गुडघ्याने त्यांना दोन वर्षं खुर्चीवर बसवलं होतं. आई सुईत दोरा ओवत होती, चष्मा कपाटावर. ताईच्या गालांवर असा रंग होता जो लातूरला जायच्या आधीही नव्हता.

घासलेली वाटी ओट्यावर पालथी होती. मी जवळ गेले. ठिपके.

"चि. रामलिंग यास आजोळकडून. शिरूर अनंतपाळ."

"आई, हा रामलिंग कोण?"

"काय की. मी चार घरी विचारून आले, कुणाचीच न्हाई म्हणतेत." तिने वाटी उचलली, डब्यातून गुळाचा खडा काढून तीत टाकला. "दारात ठेवते. ज्याची त्याला लागंल."

"आई, नको ठेवू."

"अगं, मग रिकामी ठेवू का?"

काय सांगणार होते? ती उंबऱ्यावर वाटी ठेवून आत आली, पदर खोचला. मी दाराकडे बघत उभी राहिले. एक बाई भाजी घेऊन गेली, एक कुत्रं आलं, वास न घेता बाजूने गेलं. माझी पापणी लवली असेल. उंबरा मोकळा होता.

"तुझी खीर थंडी होऊन राहिली," आई म्हणाली.

"मला नको."

"मला दे की मग," ताई म्हणाली आणि हात पुढे केला. तिच्या परीक्षेला नऊ दिवस होते. आदल्या दिवशी सराव पेपरात तिला सातशे वीसपैकी सहाशे एकोणनव्वद पडले होते, पप्पांनी तो कागद देव्हाऱ्यात ठेवावा तसा बुद्धांच्या फोटोखाली ठेवला होता. ती माझ्याकडे बघत होती, हात तसाच पुढे.

मी पातेलं तिच्याकडे सरकवलं.

त्या दुपारी मी मोबाइलवर ग्रुप परत जॉइन केला. लिहिलं, "तुमच्यापैकी शिरूर अनंतपाळचं कुणी आहे का? घरात कुणी रामलिंग आहे का? तब्येत कशी आहे त्याची?" बोट बटणावर ठेवलं. आत ताई मोठ्याने पाठ करत होती, खोलीभर येरझारा घालत. तिची पावलं ऐकू येत होती. दोन महिने मी त्या पावलांसाठी झुरले होते.

मी ओळ पुसली. एकेक अक्षर.

दुसऱ्या दिवशी दारात दोन वाट्या होत्या. आई खूश झाली. म्हणाली, शेजार असावा तर असा. एकीवर "सौ. पारूबाई, कंधार." दुसरीवर "कु. वर्षाराणी हिच्या वाढदिवसानिमित्त," गाव नव्हतं. आईने दोन्हींत शेंगदाणे घातले. त्यानंतर रोज. कधी तीन, कधी चार. बासुंदी, शिरा, एकदा आंबरस, लाइनीत अजून कुणाकडेच आंबा आला नव्हता तरी. मी रोज भाकरी आणि चटणी खाल्ली. आई म्हणायची, हिचं नखरं बघा.

पेपरच्या दिवशी सेंटर नांदेडला होतं. सकाळी आठची पॅसेंजर पकडायची होती. दारात सहा वाट्या होत्या.

पप्पा रिक्षा बोलवायला धावत गेले, खरोखर धावत. आई केस विंचरत होती, पांढरा एकही दिसत नव्हता. ताई पाटावर बसली. ॲडमिट कार्ड शेजारी, घड्याळ काढून ठेवलेलं. तिने पहिली वाटी संपवली आणि बोटाने पुसून घेतली. मी समोर उभी होते.

मग तिने वाटी पालथी केली.

आजवर एकाही वाटीवरचं नाव तिने स्वतः वाचलं नव्हतं. तिने ती उजेडाकडे धरली. ओठ हलले. तिने नाव वाचलं, पूर्ण, गावासकट. माझ्याकडे बघितलं.

मी म्हटलं, "ताई."

तिने वाटी बाजूला ठेवली, नाव खालच्या बाजूला जाईल अशी. आणि दुसरी पुढे ओढली.